मुंबईतील बेकारीचे स्थलभेद : गिरणगावच्या इतिहासाची साक्ष

‘बदली’ हा शब्द मुंबईच्या दोन वस्त्यांत दोन अर्थांनी रुळला. गिरगाव व दादर येथील कारकुनी पेशाच्या कुटुंबांत बदली म्हणजे नोकरी कायम राहून केवळ ठिकाण पालटणे. परळ-लालबागच्या चाळींत मात्र बदली म्हणजे एक माणूस. दुसऱ्याच्या गैरहजेरीत त्याच्या साच्यावर उभा राहणारा, पण ज्याच्या नावे एकही साचा नाही असा कामगार. पहिल्या अर्थाने ज्याची बदली होते त्याचे नाव हजेरीपटावर पक्के असते. दुसऱ्या अर्थाने जो बदली असतो त्याला आज काम आहे की नाही, हे रोज सकाळी गिरणीच्या दारात ठरत असे. दोन वस्त्यांतील अंतर दीड-दोन कोसांचे. पण काम असणे आणि नसणे ह्यांच्यामधली रेषा दोन्हीकडे सारखी ओढलेली नव्हती. ही रेषा कोठे पडते ह्याचा विचार न करता दोन वस्त्यांतील बेकारीचे आकडे शेजारी-शेजारी मांडले, तर तुलना होते खरी, पण ती एकाच वस्तूची होत नाही.

बेकारीचा दर हा मूलतः एक अपूर्णांक आहे. त्याच्या अंशस्थानी काम नसलेले, परंतु काम करण्यास सिद्ध असलेले व ते शोधणारे लोक असतात; छेदस्थानी हे लोक व प्रत्यक्ष कामावर असलेले लोक मिळून होणारे एकूण श्रमबल असते. मुले, विद्यार्थी, वृद्ध आणि ज्यांनी काम शोधणेच सोडून दिले आहे असे लोक ह्या अपूर्णांकात कोठेच येत नाहीत. समजा, एका चाळीत ९० जण कामावर आहेत व १० जण कामाच्या शोधात आहेत. दर शेकडा १० झाला. त्या दहांपैकी पाच जण निरुपायाने गावी निघून गेले, तर ९५ पैकी पाच, म्हणजे शेकडा सव्वापाच, एवढाच दर उरतो. राहिलेल्या पाचांपैकी तिघांनी कंटाळून शोध थांबविला, तर तो शेकडा दोनच्या किंचित वर येतो. ह्या सर्व काळात त्या चाळीतील एकाही माणसाला काम मिळालेले नाही. उलट चाळीसमोर एखादा नवा कारखाना निघाला व त्यात सर्व माणसे दुरून येऊन लागली, तर चाळीचा दर तसूभरही हलत नाही. बेकारी माणसाच्या राहत्या ठिकाणी मोजली जाते आणि काम दुसऱ्याच ठिकाणी असू शकते.

म्हणून एखाद्या वस्तीचा दर वाचताना तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. काम नसलेल्या माणसाला तेथे कोणत्या नावाने ओळखले जाते? काम गेल्यावर तो कोठे जातो? आणि त्याची मोजणी कोणत्या काळात होते? मुंबईच्या गिरणगावचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो.

१. गिरणीचे दार

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कापड गिरणीसाठी कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे त्या गिरणीचे उत्पादन सुरू झाले. पुढील अर्धशतकात भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव व वरळी ह्या टापूत गिरण्यांची दाटी झाली आणि त्या टापूला गिरणगाव हे नाव पडले. कामगार आले ते मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरील सातारा, पुणे, कोल्हापूर ह्या भागांतून. त्यांना कामावर घेणे, ठेवणे व काढणे हे दीर्घकाळ मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या, हाती होते.

सूतगिरणीच्या यंत्रांना माणूस गैरहजर राहिलेला चालत नाही. त्रासन खात्यातील किंवा साचा खात्यातील एखाद्याने खाडा केला, तर त्याची जागा त्याच पाळीत भरावी लागे. त्यासाठी भोंगा होण्यापूर्वीच गिरणीच्या दारात माणसे जमत. जितके खाडे तितकी माणसे आत जात; उरलेली घरी परतत. गिरणीच्या दृष्टीने ही सोय होती, मुकादमाच्या दृष्टीने सत्तेचे साधन होते, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो रोजचा कौल होता.

१९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदलीवर नियंत्रण ठेवणारी योजना आणली. दरमहा पहिल्या तारखेस ठराविक संख्येच्या कामगारांना बदली कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजेरी लावावयाची आणि रिकाम्या जागा त्यांच्यांतूनच भरावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. १९५० पासून मुंबई सरकारनेही कापड गिरण्यांतील ही अनिश्चितता कमी करण्यासाठी कामगारांच्या नोंदणीची योजना राबविली. ह्या दोन्ही उपायांनी मुकादमाची मनमानी काही अंशी आटोक्यात आली. परंतु त्यांचा दुसराही एक परिणाम झाला, तो म्हणजे बदली हा एक मान्य दर्जा बनला. ज्याच्या खिशात कार्ड होते तो बेकार नव्हता. तो बदली होता.

येथे शब्दांचा विचार उपयोगी पडतो. ‘बेकार’ हा शब्द फार्सीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ कामाविना असलेला. परंतु मराठीत तो ‘निरुपयोगी, टाकाऊ’ ह्या अर्थानेही सर्रास वापरला जातो. ज्या शब्दात काम नसल्याची नोंद आणि माणसाची किंमत अशी दोन्ही मिसळलेली आहेत, तो शब्द माणूस स्वतःला सहसा लावून घेत नाही. ‘बदली’ ह्या शब्दात तो कमीपणा नव्हता. ‘रोजगार’ ह्या शब्दाच्या पोटात ‘रोज’ म्हणजे दिवस आहे. पण पाहणी करणाराची प्रश्नावली दिवसाऐवजी आठवड्याचे किंवा वर्षाचे माप घेऊन येते. चाळीच्या दारात उभ्या असलेल्या गणकाला ‘गिरणीत बदली आहे’ असे उत्तर मिळे आणि ते खरेही असे. त्या उत्तराची नोंद कोणत्या रकान्यात व्हावयाची, हे मात्र चाळीत ठरत नव्हते.

२. एकच माणूस, तीन नोंदी

स्वतंत्र भारताच्या जनगणनांनी ‘कामगार’ ह्या संज्ञेची व्याख्या वेळोवेळी बदलली. १९६१ मध्ये नियमित स्वरूपाच्या व्यवसायातील ज्या माणसाने मागील १५ दिवसांत एक दिवस तरी काम केले असेल, तो कामगार मानला गेला. १९७१ मध्ये माणसाचा मुख्य व्यवसाय कोणता ह्यावर भर देण्यात आला व नियमित कामासाठी संदर्भकाळ एका आठवड्यावर आला. १९८१ मध्ये वर्षातील १८३ दिवस ही सीमा धरण्यात आली. तेवढे दिवस काम केलेला तो मुख्य कामगार आणि त्याहून कमी दिवस केलेला तो सीमांतिक कामगार. ज्या बदलीला महिन्याकाठी सरासरी बारा दिवस काम मिळत होते, त्याचे वर्षाचे दिवस १४४ भरतात. असा माणूस १९६१ व १९७१ च्या व्याख्यांनुसार इतर कामगारांच्या बरोबरीचा कामगार ठरतो आणि १९८१ च्या व्याख्येनुसार सीमांतिक. त्याच्या आयुष्यात काहीही बदल झालेला नसतानाही त्याचा रकाना बदलतो. बेकारांच्या रकान्यात तो तिन्ही वेळा येत नाही.

ह्या अडचणीची जाण अर्थशास्त्रज्ञांना नव्हती असे नाही. बेकारीच्या अंदाजांचा विचार करण्यासाठी १९६८ मध्ये नियोजन मंडळाने एक तज्ज्ञ समिती नेमली. तिचे अध्यक्ष प्रा. मो. ल. दांतवाला हे मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात दीर्घकाळ अध्यापन केलेले विद्वान होते. समितीने १९७० मध्ये अहवाल दिला. भारतासारख्या देशात श्रमबल एकजिनसी नाही. सर्वांसाठी एकच आकडा काढणे निरर्थक असून प्रदेश, लिंग, वय, ग्रामीण वा नागरी वस्ती, कामाचा दर्जा व शिक्षण ह्यांनुसार अंदाज वेगवेगळे काढले पाहिजेत, असा तिच्या विवेचनाचा रोख होता. त्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९७२-७३ मधील सत्ताविसाव्या फेरीपासून तीन मापे रूढ झाली : वर्षभराचा नेहमीचा दर्जा, मागील आठवड्याचा दर्जा आणि त्या आठवड्यातील प्रत्येक दिवसाचा दर्जा.

ही तीन मापे एका बदली कामगाराला लावून पाहावीत. तो सोमवार ते शनिवार सहाही दिवस गिरणीच्या दारात गेला. दोन दिवस त्याला पूर्ण पाळी मिळाली व चार दिवस तो परत आला. मुख्य व दुय्यम अशी दोन्ही प्रकारची कामे धरणाऱ्या वार्षिक मापाने तो कामावर असलेला आहे. आठवड्यात एक तासभर काम केले तरी पुरे असल्याने साप्ताहिक मापानेही तो कामावर आहे. दैनिक मापाने मात्र त्याच्या सहा श्रमदिनांपैकी चार दिवस बेकारीचे ठरतात. पहिली दोन मापे माणसे मोजतात, तिसरे दिवस मोजते. जेथे नोकऱ्या कायम स्वरूपाच्या आहेत अशा वस्तीत तिन्ही मापांची उत्तरे जवळपास सारखी येतात. जेथे काम तुकड्यातुकड्यांनी मिळते तेथे ती एकमेकांपासून दूर जातात. म्हणून दोन वस्त्यांच्या दरांतील फरकाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक बोलका असतो तो एकाच वस्तीच्या तीन दरांमधील परस्पर फरक.

३. वाट पाहण्याची ऐपत

ह्या पार्श्वभूमीवर गिरगाव-दादर आणि परळ-लालबाग ह्यांची तुलना करावी लागते. गिरगावच्या चाळी व दादरची नवी वसाहत ही कारकून, शिक्षक, छापखान्यांतील जाणते कामगार आणि लहान व्यावसायिक ह्यांची वस्ती होती. दादर-माटुंग्याचा विस्तार १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या आखणीतून झाला. तेथील तरुण मॅट्रिक किंवा पदवी झाल्यावर फोर्टातील कचेरीत जागा मिळण्याची वाट पाही. वडिलांच्या वा थोरल्या भावाच्या पगारावर ती वाट काही महिने, क्वचित काही वर्षे, पाहता येत असे. विचारणाऱ्याला तो ‘नोकरी शोधतो आहे’ असे स्पष्ट सांगे, अर्ज करी आणि पुढे सेवायोजन कार्यालयात नावही नोंदवी. बेकारीच्या शास्त्रीय व्याख्येत तो बिनचूक बसतो.

ह्या वर्गाच्या बेकारीची चौकशीही लवकर झाली. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने मुंबई इलाख्यातील मध्यमवर्गीय बेकारीवर १९२७ साली स्वतंत्र अहवाल काढला. १९३१ च्या जनगणनेत इंग्रजी शिकलेल्या बेकारांची वेगळी नोंद करण्याचा प्रयत्न झाला, जरी त्याला प्रतिसाद अपुरा मिळाला. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. द. त. लकडावाला व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मुंबई शहराच्या आर्थिक पाहणीने काम, वेतन व राहणीमान ह्यांचा एकत्र विचार केला. त्याच दशकात, १९६६ साली, दादरमध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने कचेऱ्यांतील नोकऱ्यांचा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणला. सुशिक्षितांच्या बेकारीला असा अहवाल मिळाला, रकाना मिळाला आणि व्यासपीठही मिळाले.

लालबागच्या बदली कामगाराला वाट पाहण्याची ऐपत नव्हती. दारातून परत फिरल्यावर तो हमाली करी, बाजारात पाटी उचली, उधारीवर खानावळीत जेवे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा राही. परिणामी उघड बेकारीचा दर काढू गेल्यास तो शिकलेल्या मध्यमवर्गात अधिक दिसण्याचा संभव असतो. अलीकडच्या श्रमबल पाहण्यांतही उच्चशिक्षितांमधील बेकारीचा दर निरक्षरांच्या दरापेक्षा अधिक आढळतो. ह्याचा अर्थ निरक्षरांना काम मुबलक आहे असा नव्हे. पूर्ण बेकार राहणे त्यांना परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अधिक दर म्हणजे अधिक दैन्य, हे समीकरण स्थलभेदांच्या अभ्यासात आरंभीच बाजूला ठेवावे लागते.

वस्तीच्या सरासरीखाली आणखी दोन भेद झाकले जात. पहिला जातीचा. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील कामगारांना गिरणीच्या इतर खात्यांत काम मिळे, पण अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते व त्याने विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. वरळी, नायगाव व डिलाईल रोड येथील बी. डी. डी. चाळींत शेजारी राहणाऱ्या दोन माणसांसाठी गिरणीचे दार सारखेच उघडे नव्हते, ही गोष्ट वस्तीच्या एका आकड्यातून कधीच दिसली नसती.

दुसरा भेद स्त्रियांचा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत कांडी व रीळ ह्या खात्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. रात्रपाळीवरील बंदी, १९२९ चा मुंबईचा प्रसूती-लाभ कायदा टाळण्याकडे असलेला मालकांचा कल आणि यंत्रांतील बदल ह्यांमुळे त्यांचे प्रमाण उत्तरोत्तर घटत गेले. काम गेलेला पुरुष निदान काही काळ बेकार म्हणून गणला जाण्याची शक्यता होती. काम गेलेली स्त्री थेट ‘घरकाम’ ह्या रकान्यात गेली. तेथे ती खानावळ चालवी, दहा-पंधरा गिरणी कामगारांचा दोन वेळचा स्वयंपाक करी आणि तरीही नोंदीत बहुधा कामाविना असे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने ह्या खानावळवाल्यांना संघटित केले, तेव्हा त्यांच्या श्रमाला सार्वजनिक नाव मिळाले.

४. गाव हे छेदातील छिद्र

गिरणगावच्या कामगाराचे एक घर चाळीतील खोलीत व दुसरे गावी असे. खोलीत एकाच गावची दहा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. गावी आईवडील, बायको, मुले आणि थोडी शेती. काम नसेल तेव्हा गावी जाणे हा बेकारीवरचा एकमेव विमा होता. परंतु हा विमा वठला की माणूस मुंबईच्या गणतीतून वजा होई. गावी तो शेतकरी किंवा शेतावर मदत करणारा म्हणून नोंदला जाई आणि मुंबईतील बेकारी रत्नागिरीच्या शेतीत विरून जाई.

ह्याचे पहिले मोठे उदाहरण १८९६ च्या प्लेगचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात रोग उघडकीस आला आणि पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. गिरण्यांना माणसे मिळेनात. १८९७ च्या आरंभी रस्त्यांच्या नाक्यांवर मजुरीची चढाओढ लागली आणि रोजचा पगार रोज देण्याची पाळी मालकांवर आली. त्या आठवड्यांत कोणी परळचा बेकारीचा दर काढला असता, तर तो शून्याच्या आसपास आला असता. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. ह्या घटीत मृत्यूही होते व पलायनही. मजुरीची तेजी आणि माणसांची दुर्दशा अशी एकत्र नांदू शकतात, हे त्या दशकाने दाखविले.

दुसरे उदाहरण १९२८ चे. एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने चाललेला तो सार्वत्रिक संप दीड लाखाच्या आसपास कामगारांनी लढविला, आणि त्यांतील पुष्कळांना इतके दिवस टिकता आले ते गावाच्या आधारावर. गावाला जाणे हे येथे एकाच वेळी संपाचे सामर्थ्य होते आणि बेकारीच्या मोजमापातील पोकळीही होती. ‘अमका कोठे आहे?’ ह्या प्रश्नाला चाळीत ‘गावाला गेलाय’ असे उत्तर मिळे. त्या दोन शब्दांत सुट्टी, आजार, शेतीची कामे, संप व कामावरून काढले जाणे ही सर्व कारणे सामावत असत.

५. दोन मोजण्यांच्या मधला संप

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप सुमारे अडीच लाख कामगारांचा होता. वेतनवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करावे ही मागणीही त्यात होती, हे येथे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे. अर्धशतकापूर्वी कार्ड देऊन ज्या दर्जाला मान्यता मिळाली, तोच दर्जा नाहीसा करण्याची ही मागणी होती. संप दीड वर्षाहून अधिक काळ चालला आणि अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. काही गिरण्या थोड्या माणसांवर पुन्हा सुरू झाल्या, काही पुढे बंद पडल्या. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही.

एवढी मोठी घटना बेकारीच्या आकड्यांत कशी उमटली? जनगणना १९८१ च्या आरंभी पार पडली होती, म्हणजे संपापूर्वी जवळजवळ एक वर्ष. पुढची १९९१ मध्ये झाली. तोपर्यंत माणसे रखवालदार, फेरीवाले, टॅक्सीचालक, यंत्रमागावरील मजूर किंवा गावचे शेतकरी झाली होती. पडझड जनगणनेच्या दोन छायाचित्रांच्या मधल्या काळात होऊन गेली. राष्ट्रीय नमुना पाहणीची अडतिसावी फेरी १९८३ च्या संपूर्ण वर्षात झाली, म्हणजे काळ अनुकूल होता. परंतु तिचा नमुना राज्यांसाठी आखलेला असल्याने लालबागचे किंवा शिवडीचे वेगळे चित्र देण्याइतकी घरे त्यात असणे शक्यच नव्हते.

प्रश्न केवळ काळाचा व नमुन्याचा नव्हता. संपावर असलेला माणूस बेकार आहे काय? आंतरराष्ट्रीय प्रघातानुसार नाही. त्याची नोकरी आहे, तो केवळ तात्पुरता कामावर नाही. योगायोग असा की, श्रमसांख्यिकीच्या तेराव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने बेकारीची पुढे जगभर प्रमाण ठरलेली व्याख्या ऑक्टोबर १९८२ मध्येच संमत केली : काम नसणे, कामास उपलब्ध असणे आणि काम शोधणे. कामावरून तात्पुरत्या दूर असलेल्यांना वगळण्यासाठी ‘नोकरीशी औपचारिक बंध’ ही कसोटीही तिने दिली. वेतन चालू आहे का, परत घेण्याचे आश्वासन आहे का आणि गैरहजेरी किती लांबली आहे, ह्यांवरून तो बंध पाहावयाचा. त्याच महिन्यात गिरणगावचा संप दहाव्या महिन्यात होता. तेथील कामगाराचे वेतन बंद होते, परतीचे आश्वासन नव्हते, गैरहजेरी लांबत चालली होती. तरीही तो स्वतःला गिरणी कामगार म्हणवीत होता, आणि आपण संपावर आहोत असेच सांगत होता. त्याने ‘मी बेकार आहे’ असे म्हटले असते, तर ते संप संपल्याची कबुली दिल्यासारखे झाले असते. बदली कामगाराची स्थिती त्याहून बिकट. ज्याला मुळात नोकरीच दिली गेली नव्हती, त्याचा बंध कोणत्या दिवशी तुटला हे कसे ठरवावयाचे?

६. आकडा आणि हक्क

संपानंतरच्या चार दशकांत गिरणगावचा कायापालट झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा विकास खुला केला, २००१ मधील दुरुस्तीने त्यातील सार्वजनिक वाटा घटविला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोअर परळमध्ये आता कचेऱ्या, दुकाने व उपाहारगृहे आहेत. त्यांतील बहुसंख्य कर्मचारी विरार, कल्याण, पनवेलकडून आगगाडीने येतात व रात्री परत जातात. ह्या नोकऱ्या परळात आहेत. पण त्यांवरील माणसे दुसऱ्या जिल्ह्यांच्या श्रमबलात गणली जातात. परळच्या चाळीतील ज्या मुलाला त्या कचेरीत जागा मिळाली नाही, तो मात्र परळचाच बेकार असतो.

दुसरीकडे मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ३३,३८,०३१ वरून २०११ मध्ये ३०,८५,४११ वर आली. १८९१ ते १९०१ नंतर शंभर वर्षांनी पुन्हा एकदा छेद आकसला, ह्या वेळी प्लेगाविना. खोली विकून बदलापूर वा नालासोपाऱ्याला गेलेल्या कुटुंबातील काम नसलेला तरुण लालबागच्या अंशातून उतरला; लालबागचा दर तेवढा सुधारला.

सीमारेषांचाही परिणाम लहान नाही. महापालिकेच्या डी विभागात गिरगावचा भाग व मलबार हिल एकत्र येतात. जी उत्तर विभागात शिवाजी पार्क व धारावी एकत्र येतात. अशा विभागाची सरासरी काढली, तर ती त्यातील कोणत्याच वस्तीची नसते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीच्या रचनेत जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा मूलभूत घटक धरण्यात आला, ही स्वागतार्ह सुधारणा आहे. तथापि मुंबई शहर जिल्हा म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा पट्टा. त्या एका आकड्यात काळाचौकीची चाळ आणि कफ परेडचा मनोरा दोन्ही असतात.

ह्या सर्व विवेचनावरून बेकारीचे स्थानिक दर निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. दर आवश्यक आहेत. पण ते श्रमबलातील सहभाग, स्थलांतर, कामाचे दिवस आणि राहते ठिकाण व कामाचे ठिकाण ह्यांतील अंतर ह्या चार गोष्टींसह वाचले पाहिजेत. बेकारीचा दर उतरला आणि त्याच वेळी श्रमबलही घटले असेल, तर ती रोजगाराची वाढ असेलच असे नाही. साप्ताहिक दर स्थिर राहिला आणि दैनिक दर चढला, तर माणसे कामावर असूनही दिवस रिकामे जात आहेत. वस्तीत नोकऱ्या वाढल्या आणि तेथील रहिवाशांचा दर तसाच राहिला, तर नोकऱ्यांची भाषा व रहिवाशांचे शिक्षण ह्यांत मेळ नाही.

ही सावधगिरी केवळ शास्त्रीय काटेकोरपणासाठी नाही. मोजणीतील स्थान हाच पुढे हक्काचा आधार ठरतो. गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी पात्रता ठरविताना १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असणे ही अट ठेवली गेली आणि दीड लाखाहून अधिक कामगारांनी व त्यांच्या वारसांनी अर्ज केले. त्यांतील कित्येक अर्ज कोकणातून व घाटावरील गावांतून आले. ज्यांना १९८३ च्या कोणत्याही पाहणीने गिरणगावचे बेकार म्हणून मोजले नव्हते, ती माणसे ‘गावाला गेलेली’ होती. हजेरीपत्रक, जुने तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची पावती असे जे काही त्यांनी पेटीत जपून ठेवले होते ते घेऊन ती पुढे आली. गिरणगावातील काम गेलेल्यांची सर्वात विस्तृत यादी अशा रीतीने कोणत्याही सांख्यिकी खात्याने तयार केली नाही. ती घरासाठी लावलेल्या रांगेतून तयार झाली.